व्हॅलेंटाईन, सांजांव आणि दोना पावला: प्रेमाच्या सणाची मुळं नेमकी कुठे?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

फेब्रुवारी जवळ आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक ठरलेला मजकूर फिरतो. रोमचा दुष्ट बादशहा क्लॉडियस, सैनिकांच्या लग्नावर बंदी, चोरून लग्नं लावून देणारा पाद्री व्हॅलेंटाईन, तुरुंगाधिकाऱ्याची आंधळी मुलगी, आणि मरणाच्या आदल्या रात्री तिला लिहिलेली चिठ्ठी, खाली सही ‘तुझा व्हॅलेंटाईन’. यंदा तो जानेवारीतच आला. वाचून डोळे पुसणारे इमोजी पडले आणि मला राहवेना, म्हणून हा धागा.

तर पहिली गोष्ट. व्हॅलेंटाईन नावाचा हुतात्मा एक नाही, निदान दोन आहेत. एक रोममधला धर्मगुरू, दुसरा तेर्नी गावचा बिशप. दोघांचाही स्मरणदिन १४ फेब्रुवारी, दोघांचंही दफन रोमबाहेरच्या फ्लामिनिया रस्त्याकाठी. हे दोन वेगळे की एकाच माणसाच्या दोन हकिकती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. दुसऱ्या क्लॉडियसने राज्य केलं ते उणंपुरं २६८ ते २७० एवढंच, आणि त्याने सैनिकांच्या लग्नावर बंदी घातल्याचा समकालीन पुरावा नाही. तेराव्या शतकात संतचरित्रांचा एक मोठा लॅटिन संग्रह झाला, त्यात व्हॅलेंटाईन आहे, आंधळ्या मुलीला दृष्टी देण्याचा चमत्कारही आहे, पण लग्नं लावण्याचा उल्लेख नाही. म्हणजे संत मेल्यावर हजार वर्षांनीसुद्धा त्याचा प्रेमाशी काही संबंध लागलेला नव्हता.

दुसरी गोष्ट ल्युपरकेलियाची. १५ फेब्रुवारीला रोममध्ये हा उत्सव असे. बकरे बळी द्यायचे, त्यांच्या कातड्याचे पट्टे काढायचे आणि ते घेऊन तरुणांनी उघड्या अंगाने धावत सुटायचं. वाटेत बायका मुद्दाम पुढे होत, कारण त्या पट्ट्याचा फटका बसला की मूल होतं अशी समजूत. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलाशियसने या उत्सवाविरुद्ध कडक पत्र लिहिलं, ते खरं. पण ‘त्याने तो बंद करून त्याजागी व्हॅलेंटाईन बसवला’ हे जोडकाम नंतरचं. आणि मडक्यात मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून मुलांनी उचलायच्या, हा जो खास प्रकार ल्युपरकेलियाच्या नावावर खपवतात, तो प्राचीन रोमच्या कुठल्याच लिखाणात नाही. अठराव्या शतकातल्या लेखकांनी तो घुसडला.

मग प्रेम आलं कुठून? पाखरांकडून! इंग्लिश कवी चॉसर याने १३८०च्या दशकात पक्ष्यांच्या सभेवर एक दीर्घ कविता लिहिली. संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी सगळे पक्षी निसर्गदेवतेसमोर जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात. या दिवसाला प्रेमाशी जोडणारा स्पष्ट उल्लेख सापडतो तो इथे, त्याच्या आधी नाही. त्यातही एका अमेरिकन अभ्यासकाचं म्हणणं असं की चॉसरच्या मनातला व्हॅलेंटाईन फेब्रुवारीतला नव्हताच, जेनोवाचा एक व्हॅलेंटाईन आहे, त्याचा दिवस ३ मे. इंग्लंडात फेब्रुवारीत पाखरं थंडीने गारठलेली असतात, जोडीदार कसले निवडतात! शिवाय राजा दुसरा रिचर्ड आणि बोहेमियाची अ‍ॅन यांच्या विवाहाचा करार मे १३८१च्या सुरुवातीला झाला होता. हे सगळ्यांना पटलेलं नाही, मला पटतं.

हे मी गोव्यात बसून लिहितोय त्याला कारण आहे. आमच्याकडे दोना पावलाच्या धक्क्यावर पर्यटकांना टॅक्सीवाले काय सांगतात? दोना पावला ही पोर्तुगीज व्हायसरॉयची मुलगी, कोळ्याच्या प्रेमात पडली, लग्न होऊ दिलं नाही म्हणून कड्यावरून समुद्रात उडी घेतली, आणि तो पांढरा पुतळा त्या दोघांचा. आता बाई खरीच होती. पण ती रीतसर लग्न झालेली दोना (म्हणजे पोर्तुगीजांतली बाईसाहेब) होती, १६८२ साली वारली, आणि तिच्या नावाची शिळा काबोच्या राज्यपाल निवासातल्या चॅपेलमध्ये आहे. समुद्रात उडी घेतलेल्या बाईला चॅपेलमध्ये शिळा मिळाली असती का, याचा विचार कोणी करत नाही. आणि पुतळा? तो इर्सा फॉन लाइस्नर या युरोपियन शिल्पकर्तीने १९६९ साली केलेला. नाव ‘इमेज ऑफ इंडिया’. एक आकृती पूर्वेकडे बघते, एक पश्चिमेकडे. प्रेमिकांशी संबंध नाही. पण १९८१ साली आलेल्या एका गाजलेल्या हिंदी प्रेमपटाचं चित्रीकरण तिथे झालं आणि मग जी गर्दी सुरू झाली ती आजतागायत.

माझं म्हणणं एवढंच, की प्रेमाचे सण असेच होतात. लोकांना आधी एक जागा हवी असते, एक दिवस हवा असतो. ऋतू बदललेला असतो, पोरं-पोरी भेटायला निमित्त शोधत असतात. संत, शहीद आणि आंधळी मुलगी मागाहून येतात, गर्दीला कारण द्यायला.

तुमच्याकडच्या चालीरीती लिहा. चॉकलेट-टेडीचा हिशोब नको, तो सगळ्यांना पाठ आहे.

पुणेरी टोमणा

लेख उत्तम. एवढा अभ्यास केलात, पण वहिनींना काय आणलंत ते लिहायचं राहिलं.

मांडवीकाठ

अबोलीची फाती, म्हणजे माळ. आमच्याकडे मार्केटात जाऊन बायकोला फुलं आणायला १४ तारीख लागत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरंगीची फुलं यायला लागतील, मग त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे. सुरंगीचा वास ज्या घरात आला त्या घरात त्या दिवशी भांडण होत नाही, असं माझी आजी म्हणायची. होतं, पण आवाज जरा कमी असतो.

शिवोलकार

पात्रांव, छान धागा काढलास. आमच्या बाजूची थोडी भर.

हा संत आता चर्चच्या सर्वसाधारण पंचांगात नाहीच. १९६९ साली व्हॅटिकनने संतांच्या दिवसांची छाननी केली, ज्यांच्याविषयी नाव आणि दफनाची जागा यापलीकडे भरवशाचं काही हाती लागत नाही असे बरेच काढले, त्यात व्हॅलेंटाईन गेला. संतपद गेलं नाही हं, सार्वत्रिक सणाचा मान गेला. १४ फेब्रुवारीला आमच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) स्मरण असतं ते सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांचं, स्लाव्ह लोकांत धर्म नेणारे, लिपी देणारे. म्हणजे प्रेमाच्या दिवशी अक्षरओळखीचे संत! आमच्या पाद्रीने एकदा प्रवचनात म्हटलं होतं की प्रेमपत्र लिहायला आधी लिपी लागतेच की.

दुसरी गंमत. २०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी १४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला होता. कपाळावर राख, दिवसाला एकच पोटभर जेवण, मांस नाही, आणि बाहेर दुकानात लाल फुगे. माझ्या भाच्याने तेव्हा मैत्रिणीला घेऊन थाळी खाल्ली ती शुद्ध शाकाहारी, उडप्याकडे. २०२९ला पुन्हा तसंच येणार आहे, आतापासून ठरवून ठेवा. यंदा, २०२६ला, मात्र उलटं, १४ तारीख शनिवारी, आणि तो कार्निव्हालचा शनिवार. पणजीत कार्निव्हालचा राजा किंग मोमो ‘खा, पी, मजा कर’ म्हणणार त्याच संध्याकाळी व्हॅलेंटाईन. पार्किंगचं मात्र विसरा.

आता खरी गोष्ट. शिवोलीत कोणाला विचाराल तर प्रेमाचा सण सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण, २४ जून. सगळे विहिरीत उड्या मारतात तेवढंच टीव्हीवर दाखवतात. पण मूळ मान नव्या जावयाचा. लग्नानंतरच्या पहिल्या सांजांवाला जावयाला सासुरवाडीला बोलावतात, डोक्यावर फुला-पानांचं कोपेल, पुढे घुमट आणि कांसाळें वाजवणारे, वाटेत घरोघर थांबत, ‘व्हिवा सांजांव’ करत नेतात. सासू फळं आणि फेणी तयार ठेवते. आणि मग जावयाला विहिरीत! बायबलातली गोष्ट अशी, की मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे योहानाने, आनंदाने उडी मारली. त्या उडीची ही उडी.

मांडवीकाठ

शिवोलकार, मला हेच हवं होतं. पण बघ, जूनच्या अखेरीस विहिरी भरलेल्या असतात, नांगरणी चालू असते, जावई घरी आला तर... पोरांनी पाण्यात उड्या मारायला काय शुभवर्तमानाची वाट बघितली असेल?

शिवोलकार

तुझं आपलं एकच. उडी ती उडी. विहीर ती विहीर. फेणी चढल्यावर कारण कोणाला आठवतं?

तळपती तलवार

हे सगळं ठीक आहे, पण परक्यांचे सण आपण साजरे का करायचे याचं उत्तर या धाग्यात कुठेच नाही. आपल्या संस्कृतीत प्रेम घराच्या चार भिंतींत होतं. १९९१ नंतर कार्डांच्या दुकानांनी हा दिवस आपल्या माथी मारला. त्याआधी कोणाला माहीत होता व्हॅलेंटाईन?

फोंड्याची काकू

तलवारबाब, म्यान करा. कार्डांच्या दुकानांचं तुमचं म्हणणं मी मान्य करते, आमच्या कॉलेजात आम्हाला हा दिवस ठाऊक नव्हता. पण चार भिंतींचं काय सांगता?

मी संस्कृत शिकवलं आयुष्यभर. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेचा पहिला अंक उघडा. कौशांबीत मदनमहोत्सव चाललाय. नगरातले लोक रस्त्यावर गुलाल उधळतायत, पिचकाऱ्यांनी एकमेकांना भिजवतायत, राजा उदयन गच्चीवरून बघतोय आणि खूश होतोय. मग राणी वासवदत्ता उद्यानात लाल अशोकाखाली कामदेवाची पूजा मांडते, आणि पूजा संपल्यावर नवऱ्याची पूजा करते. झाडाआडून बघणारी सागरिका राजालाच साक्षात मदन समजते आणि तिथेच तिचं मन जातं. उघड्यावर, भर बागेत, गावासमोर. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही वसंतोत्सव आहे, आणि तिथे अशोकाला फुलं येत नाहीत म्हणून सुंदर तरुणीने पायाने लाथ मारायची, तेव्हा तो फुलायचा.

आणि अल्बेरूनी वाचा. अकराव्या शतकात आला होता. चैत्रातल्या पौर्णिमेला बायकांचा वसंताचा सण असतो असं तो लिहितो, त्या दागिने घालतात आणि नवऱ्यांकडे भेटवस्तू मागतात! तुमची कार्डवाली दुकानं तेव्हा नव्हती. मागणी होती.

मदनाला पंचांगातही जागा आहे. पाडव्यानंतरची चैत्र शुद्ध त्रयोदशी, मदनत्रयोदशी, अनंगत्रयोदशी. शंकराने तिसरा डोळा उघडून त्याला जाळला, रतीने विलाप केला, मग तो देहाशिवाय जगला, म्हणून अनंग. दक्षिणेत होळीला अजून कामदहन म्हणतात. उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी, पाच फुलांचे पाच बाण: कमळ, अशोक, आंब्याचा मोहोर, नवमल्लिका, निळं कमळ. आता आमच्या फोंड्यात खिडकी उघडली की मोहोराचा वास येतो, तो त्या पाचांतला एक बाण. आणि यंदा १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र. शनिवारी मदन, रविवारी त्याला जाळणारा. पंचांगकर्त्याला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

तळपती तलवार

काकू, रत्नावली मान्य. पण त्यात टेडी डे नव्हता.

फोंड्याची काकू

त्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

धनेशमित्र

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून लिहितोय, रेंज गेली तर समजून घ्या.

मूळ लेखात पाखरांच्या थंडीची गोष्ट आली. एक हिशोब लक्षात घ्या, चॉसरच्या वेळी जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. त्यांचा १४ फेब्रुवारी म्हणजे ऋतूच्या हिशोबाने आजचा २२ च्या आसपास. तेवढ्यात इंग्लंडातही काही पक्षी गायला लागतात. तेव्हा मे महिन्यापर्यंत जायची गरज मला तरी वाटत नाही.

आणि आमच्या रानात विचाराल तर तारीख अगदी बरोबर आहे! धनेशाची (हॉर्नबिलची) विणीची वेळ हीच. मोठ्या जुन्या झाडाची ढोली शोधून मादी आत शिरते, माती-विष्ठा यांनी तोंड लिंपून स्वतःला आत बंद करून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. अंडी, मग पिल्लं, अनेक आठवडे ती आतच. नर दिवसभर हिंडून फळं आणतो, घशात साठवलेली एकेक करून त्या फटीतून तिला भरवतो. नर मेला तर आतल्यांचं अवघड असतं. मी ढोलीपासून लांब बसून दुर्बिणीतून बघतो, जवळ गेलं की तो यायचा थांबतो आणि आत उपास पडतो. कृपया ‘व्हॅलेंटाईन स्पेशल हॉर्नबिल टूर’वाल्यांच्या मागे लागून ढोलीखाली गर्दी करू नका.

गावात कोकीळ नुकताच ओरडायला लागलाय, तांबटाची टुकटुक दिवसभर चालू आहे. यांना मात्र संत लागत नाही.

मांडवीकाठ

ज्युलियनचा मुद्दा जबरदस्त. माझं मत तरी मेकडेच झुकलेलं राहील, त्या शाही लग्नामुळे. पण ढोलीतल्या मादीने काकूंच्या सागरिकेवर मात केली.

आल्तिन्होवरून

इंग्लंडातल्या जुन्या चाली कोणीच लिहिल्या नाहीत, म्हणून दोन माझ्या आवडत्या.

१४७७. मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीचं जॉन पॅस्टनशी जमलेलं होतं, अडलं होतं हुंड्यावर. मुलीच्या आईने जॉनला निरोप पाठवला की शुक्रवारी संत व्हॅलेंटाईनचा दिवस, प्रत्येक पाखरू जोडीदार निवडतं, तेव्हा गुरुवारी रात्रीच ये आणि आमच्या ह्यांच्याशी बोलून घे. मुलीनेही त्याला ‘माझ्या लाडक्या व्हॅलेंटाईन’ म्हणून पत्र लिहिलं. इंग्रजीतलं हे सगळ्यात जुनं व्हॅलेंटाईन पत्र मानतात. त्यात काय लिहिलंय? आईने वडिलांकडे फार रदबदली केली, पण ते याच्यावर एक पैसाही वाढवायला तयार नाहीत, तुझं माझ्यावर प्रेम असेल तर मला सोडू नकोस. शेवटी लग्न झालं. आपल्याकडच्या बैठकांत याद्या करताना जे होतं तेच, फक्त पाखरं मध्ये आली.

१६६२. लंडनच्या सॅम्युएल पीप्सची रोजनिशी प्रसिद्ध आहे. त्या काळी समज असा, की त्या सकाळी पहिला जो पुरुष दिसेल तो तुमचा व्हॅलेंटाईन. नेमके पीप्सच्या घरी रंगारी चुलीच्या वरची पट्टी सोनेरी करायला आलेले. बायको बिचारी ओळखीचा माणूस येईपर्यंत सकाळभर डोळ्यांवर हात धरून वावरली आणि हे महाशय हसत बसले.

पुढे १८४० साली एक पेनीत टपाल सुरू झालं आणि कार्डांचा पूर आला. अमेरिकेत एस्थर हाउलंड नावाच्या बाईने वुस्टर गावात घरी मैत्रिणींना बसवून लेसची कार्डं करायचा धंदा उभा केला. १८६८ साली रिचर्ड कॅडबरीने हृदयाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा काढला. याच काळात ‘व्हिनेगर व्हॅलेंटाईन’ म्हणून निनावी, शिव्या देणारी कार्डंही निघायची: तू कंजूष, तुझं नाक लांब, तुझ्याशी कोण लग्न करणार. शिमग्यात आपण बोंब मारून मोकळे होतो, त्यांनी टपालखात्याला कामाला लावलं.

आमच्या गोव्याचं म्हणाल तर माझ्या लेखी प्रेमाचा सण म्हणजे जुन्या घरातल्या हॉलमधला मांडो. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घरांतून फुललेला. संथ चाल, व्हायोलिन आणि घुमट. बाप्ये एका रांगेत, बायका समोरच्या रांगेत, हातात पंखा. जवळ येतात, मागे जातात, स्पर्श नाही. पंख्याआडून काय ते बोलायचं. सगळं दुःख विरहाचं, आणि ते असह्य होतंय असं वाटलं की दुलपद सुरू, लगेच चाल धावायला लागते. आमच्या शेजारच्या माना-आजी सांगायच्या की त्यांचं लग्न मांडोच्या दुसऱ्या कडव्यात ठरलं, बोलणी नंतर झाली.

लिस्बनची लेक

माहेर मडगाव, आता इथे. इथल्या लोकांचा लग्नं जुळवणारा संत व्हॅलेंटाईन नाही, सांत आंतोनी. १३ जून. आपल्याकडेही त्याचं फेस्त असतंच, पण इथे त्याच्या नावाने नगरपालिका एकाच दिवशी कितीतरी जोडप्यांची लग्नं लावते, १९५८ साली ही प्रथा सुरू झाली. ब्राझीलमध्ये तर प्रेमिकांचा दिवसच १२ जून, सांत आंतोनीचा आदला दिवस.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. त्या दिवसांत इथे प्रेयसीला मांजेरिकोची कुंडी देतात. बारीक पानांचं, गोल गरगरीत झुडूप, वर कागदाचं एक फूल आणि चार ओळींची कविता टोचलेली. हे झाड तुळशीच्या कुळातलं! त्याचा वास नाक लावून घ्यायचा नाही, मरतं म्हणतात. हाताने हलकेच कुरवाळायचं आणि हात हुंगायचा. पहिल्या वर्षी मी बाजारात ते बघितलं आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘तुळशीला नाक लावायचं नसतंच, त्यांना कोणी शिकवलं?’

उत्तरेकडे मिन्यो प्रांतात जुनी चाल होती रुमालाची. मुलगी पांढऱ्या रुमालावर पाखरं, किल्ल्या, हृदयं आणि दोन ओळी भरायची, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि आवडलेल्या मुलाला द्यायची. त्याने तो रविवारी मिसेला जाताना सगळ्यांना दिसेल असा मिरवला तर होकार. नाही मिरवला तर... दुसरा रुमाल.

फोंड्याची काकू

लिस्बनची लेक, तुळशीवरून आठवलं. आम्ही दरवर्षी तुळशीचं लग्न लावतो, ऊस उभा करतो, चिंच-आवळा लावतो, मंगलाष्टका म्हणतो. तिचा नवरा कृष्ण. तिथे तीच कुंडी पोरीला देतात. मला फार आवडलं हे. एक रोप इकडे आणता आलं तर बघ.

पुणेरी टोमणा

जपानची चाल पण नोंदवून ठेवा. तिथे १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात. त्यातही दोन जाती: एक मनापासून, दुसरं ऑफिसातल्या साहेबाला कर्तव्य म्हणून. परतफेड १४ मार्चला, व्हाईट डे. कोरियात पुढे १४ एप्रिलला ब्लॅक डे, ज्यांना दोन्ही दिवशी काहीच मिळालं नाही त्यांनी काळ्या रश्श्यातल्या शेवया एकट्याने खायच्या. आमच्या पुण्यात त्याला रविवार म्हणतात.

मावळचा माळी

सगळे प्रेमावर बोलताय, फुलाबद्दल कोणीच नाही. गोव्यात १४ तारखेला जो लाल गुलाब विकत घेता त्यातला काही आमच्या मावळातून, तळेगावच्या बाजूने येतो.

व्हॅलेंटाईन आमच्याकडे डिसेंबरात सुरू होतो. साधारण दीड महिना आधी झाडं छाटून-वाकवून सोडायची, म्हणजे फुटवे नेमके जानेवारीच्या शेवटी फुलावर येतात. परदेशात जाणारा माल जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघतो, तुमचा त्यानंतर. लालमध्ये जास्त मागणी ‘टॉप सीक्रेट’ जातीला. कळी अर्धवट मिटलेली असतानाच तोडायची, लगेच पाण्यात, मग शीतगृहात २ ते ४ अंशांवर. दांडीच्या लांबीवर प्रतवारी, वीस फुलांचा एक बंच. रात्री थंडी जास्त पडली की फूल चार दिवस लांबतं, ऊन वाढलं की चार दिवस आधी उमलतं. १५ तारखेला तेच फूल कोणी विचारत नाही. तुमचं एक दिवसाचं प्रेम, आमचं वर्षाचं कर्ज. तेव्हा तलवारबाबांनी सण बंद पाडायच्या आधी आम्हाला एक फोन करावा.

घरी आणल्यावर दांडीचा खालचा इंचभर भाग पाण्यातच तिरका कापा, पाण्याखाली बुडणारी पानं काढा, रोज पाणी बदला. आठवडा सहज टिकतो.

तळपती तलवार

माळीभाऊ, शेतकऱ्याच्या विरोधात मी कधीच नाही. मी बंद पाडा असं म्हटलंही नाही. घ्या, यंदा बायकोला एक बंच घेतो. वीसचा.

शिवोलकार

तलवार आता गुलाबाची दांडी कापायला.

कोरा कागद

सगळ्यांना नमस्कार. धागा वाचून फार मजा आली. एक व्यवहाराची शंका आहे. आमचं लग्न ठरलंय, दोघेही गोव्याचेच. तिची इच्छा आहे की सिव्हिल रजिस्ट्रारकडची दुसरी सही १४ फेब्रुवारीला करायची, म्हणजे कागदोपत्री लग्नाची तारीख तीच राहील. पहिली सही झालेली आहे, नोटीस लागून मुदतही गेली. कोणी केलंय का असं?

आल्तिन्होवरून

अभिनंदन! बाहेरच्या वाचकांसाठी: गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्यामुळे देवळात लागो की इगर्जीत, लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे सगळ्यांना करावीच लागते. आधी इच्छा जाहीर केल्याची पहिली सही, आक्षेप मागवणारी नोटीस, मग साक्षीदारांसह दुसरी. ख्रिस्ती लोकांना बहुधा पहिल्या सहीनंतर मिळालेला कागद इगर्जीत द्यावा लागतो. आणि वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, निम्मी-निम्मी. कोरा कागद, तारीख कुठलीही घ्या, सही करण्याआधी हे एवढं दोघांनी शांतपणे वाचा. चॉकलेटच्या डब्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

धनेशमित्र

पण १४ला शनिवार आहे ना? सरकारी कचेरी बंद.

कोरा कागद

अरे देवा. तिला कोण सांगणार?

पुणेरी टोमणा

शुक्रवारी करा. शुक्रवार आणि १३ तारीख, इंग्रजी लोक घाबरतात म्हणून रांगही नसेल.

फोंड्याची काकू

१३ला विजया एकादशी. दिवस चांगला आहे, पण सहीनंतर घरी जेवायला बोलावणार असाल तर साबुदाणा लागेल. रविवारी शिवरात्र, त्या दिवशी पुन्हा उपास.

शिवोलकार

म्हणजे सही शुक्रवारी आणि नुस्त्याचं, म्हणजे माशांचं, जेवण शनिवारी. बुधवारपासून आमचे पण उपवासाचे चाळीस दिवस सुरू, तेव्हा काय ते शनिवारीच. कोरा कागद, माणसं किती ते कळव, इसवण (सुरमई) मी शिवोलीच्या बाजारातून घेऊन येतो. पण पणजीत हॉल ठरवू नकोस, दुपारनंतर मोमोची मिरवणूक, गाडी पुलावरच अडकेल.

कोरा कागद

तिला सांगितलं. शुक्रवार चालेल म्हणाली. इसवण नको, चणाक असेल तर बघा म्हणते.